कीलमध्ये एसटीएम३२ चा पॅक कसा टाकायचा (आणि एलपीसी२१४८ वाल्यांनी काय करायचं)

कील एमडीके (मायक्रोकंट्रोलरसाठी प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) टाकलं, नवीन प्रोजेक्ट काढला आणि डिव्हाइसच्या लिस्टमध्ये आपली एसटीएम३२एफ१०३ चिप दिसतच नाही, नुसते कॉर्टेक्स एम३ वगैरे कोअर (चिपच्या आतले प्रोसेसर) दिसतात, हा प्रश्न बरेच जण विचारतात. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाहीये, परत इन्स्टॉल करत बसू नका. व्हर्जन ५ पासून चिपचा सपोर्ट वेगळा केलाय, तो पॅक म्हणून आपणच टाकायचा असतो.

टूलबारवर पॅक इन्स्टॉलरचं बटण आहे ते दाबा. पहिल्यांदा उघडलं की तो नेटवरून यादी आणतो, त्याला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. मग डाव्या बाजूला डिव्हाइसेसमध्ये एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स, त्यात एफ१ सिरीज, त्यात आपली चिप निवडा, उजवीकडे त्याचा डीएफपी (डिव्हाइस फॅमिली पॅक) येतो, समोरचं इन्स्टॉल दाबा. सगळ्या कंपन्यांचे पॅक टाकायची गरज नाही, डिस्क भरते फक्त.

ह्या पॅकमध्ये असतं काय ते एकदा समजून घ्या, पुढचे अर्धे एरर तिथेच कळतात. स्टार्टअप फाइल, चिपची हेडर फाइल, डीबग करताना रजिस्टर नावानिशी दाखवणारी एसव्हीडी फाइल, आणि फ्लॅश अल्गोरिदम, म्हणजे चिपच्या फ्लॅश मेमरीत प्रोग्रॅम कसा लिहायचा ते सांगणारी फाइल. डाउनलोड करताना ०८०००००० ह्या ॲड्रेससाठी अल्गोरिदम सापडला नाही असा एरर आला तर ऑप्शन्स फॉर टार्गेट, डीबग, सेटिंग्ज, फ्लॅश डाउनलोड इथे जाऊन एसटीएम३२एफ१०एक्स मेड-डेन्सिटी वाला ॲड करा, ६४ केबी फ्लॅशच्या एसटीएम३२एफ१०३सी८ ला तोच लागतो. आणि कंपाइल करताना कोअरची हेडर फाइल नाही म्हणाला तर ती चिपच्या पॅकमध्ये नसतेच, ती सीएमएसआयएस (कॉर्टेक्स कोअरसाठी एआरएमच्या सामायिक फाइली) पॅकमधून येते, मॅनेज रनटाइम एन्व्हायर्नमेंटमध्ये जाऊन सीएमएसआयएस खालच्या कोअरला टिक करा. एसटी-लिंकचा (पीसीवरून चिपमध्ये प्रोग्रॅम टाकणाऱ्या डीबगरचा) ड्रायव्हर मात्र विंडोजमध्ये वेगळाच टाकावा लागतो.

लॅबमध्ये नेट नसेल किंवा प्रॉक्सीमुळे अडत असेल तर घरून डॉट पॅक फाइल उतरवून पेनड्राइव्हवर न्या. पॅक इन्स्टॉलरमध्ये फाइल, इम्पोर्ट करा नाहीतर फाइलवर डबल क्लिक करा, दोन्ही चालतं. ज्या पीसीवर आधीच पॅक टाकलाय तिथल्या पॅक फोल्डरच्या आत डॉट डाउनलोड नावाचं फोल्डर असतं, उतरवलेले पॅक तिथे पडलेले असतात, ते उचलून बाकीच्या पीसींवर टाका. माझ्या मते लॅबसाठी हाच रस्ता बरा, सगळ्या मशीनवर एकच व्हर्जन राहतं आणि एकाचा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे नीट उघडतो.

आता एलपीसी२१४८, एनएक्सपी कंपनीची जुनी चिप. अजून कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये हाच बोर्ड आहे आणि पोरं पॅक इन्स्टॉलरमध्ये तो शोधून थकतात. तिथे तो मिळणार नाही, कारण त्याचा कोअर जुना एआरएम७ आहे, कॉर्टेक्स नाही. त्यासाठी कीलच्याच साइटवरून एमडीके व्हर्जन ४ चा लेगसी सपोर्ट उतरवून टाकायचा आणि डिव्हाइस निवडताना वरच्या ड्रॉपडाउनमध्ये सॉफ्टवेअर पॅक्सच्या जागी लेगसी डिव्हाइस डेटाबेस करायचं, की एनएक्सपी खाली २१४८ दिसतो. एवढं करूनही बिल्ड होत नसेल तर कंपायलर बघा. ५.३७ पासून जुना कंपायलर ५ सोबत येत नाही आणि कंपायलर ६ ला एआरएम७ चालत नाही, त्यामुळे कंपायलर ५ वेगळा टाकावा लागेल, नाहीतर ५.३६ किंवा त्याआधीचं एमडीके वापरा.