डायलॉग पुटपुटतो, मारामारीत घर हादरतं: घरच्या पिक्चरचा आवाज सरळ कसा करायचा

पिक्चर लावला की रिमोट एकाच्या हातात अडकून बसतो. दोघं हळू बोलायला लागले की आवाज ४० वर, गाडी उडाली की १५ वर, गाणं संपलं की पुन्हा वर. वैतागून बरेच जण थेट नवा साउंडबार घ्यायला निघतात. दुखणं न ओळखता आणलेला साउंडबार तोच त्रास आणखी मोठ्या आवाजात देतो. म्हणून आधी तपास, मग सेटिंग, खरेदी सगळ्यात शेवटी.

तपासाला पिक्चर लावू नका, बातम्या लावा. एकच निवेदक बोलतोय, मागे संगीत नाही, असा भाग हवा. निवेदकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा पोकळ वाटतोय किंवा जवळजवळ नाहीच, पण चॅनेलची धून मात्र दणक्यात वाजतेय, तर चूक वायरिंगची आहे. बातम्या स्वच्छ आणि फक्त पिक्चरमध्येच डायलॉग बुडतो, तर वायरिंग ठीक आहे, पुढचा भाग सोडून त्याच्या खालच्याकडे जा.

वायर उलटी आणि पिन अर्धवट

टीव्हीच्या मागून ३.५ एमएमची पिन काढून अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेले असेंबल्ड होम थिएटर असेल, तर पहिला संशय त्या पिनवर. पिन पूर्ण आत गेली नाही किंवा तिची अर्थिंगची तार आतून तुटली, की दोन्ही चॅनेलमधला फक्त फरक स्पीकरला पोचतो. डायलॉग डाव्या-उजव्या बाजूला अगदी सारखा भरलेला असतो, त्यामुळे तो एकमेकांत कटून जातो. उरतं काय, तर पसरलेलं संगीत, प्रतिध्वनी आणि गर्दीचा गोंगाट. पिन ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबा, बोटांनी हळूच फिरवून पाहा. फिरवताना डायलॉग येत-जात असेल तर केबल बदला. सोल्डरिंग करत बसण्याइतकी ती महाग नसते.

दुसरा संशय स्पीकरच्या लाल-काळ्या वायरींवर. एका स्पीकरची वायर उलटी लागली तर एकाचा पडदा बाहेर येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा आत जातो. धमक गायब होते आणि मधोमध यायला हवा तो डायलॉग खोलीभर विरतो. पेन्सिल सेलने हे दोन मिनिटांत तपासता येतं. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, स्पीकरच्या दोन्ही वायरी त्याच्यापासून सोडवा. १.५ व्होल्टच्या सेलचं प्लस टोक लाल वायरीला धरून काळी वायर मायनसला क्षणभर टेकवा. ‘खट्’ आवाज येऊन वूफरचा पडदा बाहेर सरकला तर खुणा बरोबर. आत गेला तर त्या स्पीकरच्या लाल-काळ्या खुणाच उलट्या आहेत. वायर टेकवून ठेवू नका, नुसती शिवून उचला. पडद्यावर पक्की जाळी असून हालचाल दिसत नसेल तर दोन्ही स्पीकर समोरासमोर, टीचभर अंतरावर ठेवून एक गाणं वाजवा. मग एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून तेच गाणं पुन्हा ऐका. धमक जास्त येते ती जोडणी बरोबर.

पाच जणांचं बोलणं दोघांच्या तोंडून

आता पिक्चर. ५.१ मिक्समध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर धरून जुळवलेल्या आवाजात, डायलॉग बहुतांश मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमध्ये असतो. संगीत आणि धडामधुडूम डावी-उजवीकडे, गर्दी-पाऊस मागच्या दोन स्पीकरमध्ये. टीव्हीला स्पीकर दोनच. मग हे सगळं दोनात ओतावं लागतं. तेव्हा सेंटर साधारण ३ डेसिबल कमी करून दोन्हीकडे वाटला जातो, मागचे चॅनेलही येऊन मिसळतात. डायलॉगला स्वतःची वाट होती, ती गेली. आता तो आणि मशीनगन एकाच दारातून बाहेर पडतात.

हे झालं सगळं नीट चाललं तर. चुकीच्या सेटिंगमध्ये सेंटर पोचतच नाही. कॉम्प्युटरला दोन स्पीकर जोडलेत आणि विंडोजच्या स्पीकर सेटअपमध्ये ५.१ निवडलंय, हा नेहमीचा घोळ. तिथे ‘स्टिरिओ’ करा. अँड्रॉइड टीव्हीवर साउंडच्या सेटिंगमध्ये ‘सराउंड साउंड’ असतं. टीव्हीच्याच स्पीकरवर किंवा दोन स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकत असाल तर ते बंद करा. डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर ठेवा. ओटीटीच्या ऑडिओ मेनूत एकाच भाषेपुढे एकदा ५.१ लिहिलेलं आणि एकदा नुसतं नाव दिसत असेल, तर नुसतं नाव निवडा. तो मिक्स आधीच दोन स्पीकरसाठी बसवलेला असतो. कोडी हे पिक्चर लावायचं अ‍ॅप वापरणाऱ्यांनी ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘मेंटेन ओरिजिनल व्हॉल्यूम ऑन डाउनमिक्स’ चालू करावं. सगळाच आवाज दबल्यासारखा वाटत असेल तर एवढ्यानेही सुटका होते.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू पिक्चर मूळ भाषेत आणि हिंदी डबिंगमध्ये, दोन्ही तऱ्हेने पाहिले जातात. दोन ट्रॅकचा आवाज सारखा नसतो, कारण डबिंगचा आवाज तयार संगीतावर वेगळा चढवलेला असतो. मूळ ट्रॅकवर त्रास होत नसेल तर दोष डबिंगचा, तुमच्या टीव्हीला बोल लावू नका.

कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर

इथे मूळ गोम आहे. थिएटर जुळवताना पडद्यामागचा प्रत्येक चॅनेल ८५ डेसिबलला लावतात आणि त्यावर २० डेसिबल जागा मोकळी ठेवतात. म्हणजे एक चॅनेल १०५ पर्यंत जाऊ शकतो आणि वूफरचा चॅनेल ११५ पर्यंत. शांत, बंद, जाड भिंतींच्या हॉलमध्ये ते शोभतं. घरात नाही.

त्यात सोलापूरचा मे महिना. पारा ४० च्या वर, खिडकीत डेझर्ट कूलर, वर पंखा. मोबाइलवर आवाज मोजणारं फुकटचं अ‍ॅप टाका आणि टीव्ही बंद ठेवून आपल्या बसायच्या जागी मोजा. समजा कूलर ६० दाखवतोय. शब्द न् शब्द कळायला डायलॉग त्याच्या १५ डेसिबल वर हवा, म्हणजे ७५. डिजिटल आवाजाचं सर्वांत वरचं टोक शून्य धरतात, बाकी आकडे त्याच्या खाली. नेटफ्लिक्सच्या नियमाप्रमाणे डायलॉगची पातळी -२७ च्या आसपास आणि सर्वांत मोठा क्षण -२ च्या आत असतो. दोघांत २५ डेसिबलचा पल्ला. ७५ वर डायलॉग लावलात की स्फोट १०० वर गेलाच! मग शेजारी दार वाजवतात यात नवल काय. म्हणून कूलर आधी एका नंबरवर आणा, पंखा चालू राहू द्या. शक्य असेल तर कूलर टीव्हीच्या भिंतीला नको, बाजूच्या खिडकीत बसवा. कूलरचे १० डेसिबल कमी झाले की स्फोटाचेही १० कमी होतात, तेही एक पैसा न खर्चता.

उरलेलं अंतर दाबायचं कॉम्प्रेसरने, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या सेटिंगने. लॅपटॉपवर व्हीएलसीत कंट्रोल-ई दाबा, ऑडिओ इफेक्ट्समध्ये ‘कॉम्प्रेसर’ला टिक करा आणि असे आकडे लावा: अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) ३००, थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचं दाबायचं ती पातळी) -२०, रेशो (किती दाबायचं) ४:१, नी (दाब किती हळूवार सुरू व्हायचा) ५, मेकअप गेन (शेवटी सगळ्यालाच दिलेली वाढ) १०. याचा हिशेब असा. -४ वरचा स्फोट थ्रेशोल्डच्या १६ वर आहे, त्याचे ४:१ ने ४ उरले, म्हणजे तो -१६ वर आला. मेकअपचे १० मिळवले की -६. डायलॉग -२७ वर, थ्रेशोल्डच्या खालीच, त्याला कुणी दाबलं नाही. पण १० त्यालाही मिळाले, तो -१७ वर गेला. अंतर २३ होतं ते ११ झालं. उन्हाळ्यात रेशो ६ पर्यंत न्या, डिसेंबरात कूलर माळ्यावर गेला की ३ वर आणा.

रिलीज फार कमी ठेवलात, समजा ५०, तर प्रत्येक शब्दानंतर मागचा आवाज फुगून वर येतो, कुणीतरी धापा टाकतंय असं वाटतं. अटॅक फार जास्त ठेवलात तर स्फोटाची पहिली धडक तशीच निसटते, आणि दचकायला होतं ते त्या धडकेनेच.

टीव्ही, साउंडबार, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हाच कॉम्प्रेसर वेगवेगळ्या नावांनी बसलेला असतो: ऑटो व्हॉल्यूम, नाइट मोड, डायनॅमिक रेंज कंट्रोल किंवा नुसतं डीआरसी. डेनॉनच्या रिसीव्हरवर त्याला डायनॅमिक व्हॉल्यूम म्हणतात, यामाहावर अ‍ॅडॅप्टिव्ह डीआरसी. जुन्या विंडोजमध्ये स्पीकरच्या प्रॉपर्टीजमधल्या एनहान्समेंट्स टॅबखाली ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ दिसतं, ड्रायव्हरने दिलं असेल तर. यातलं एकच चालू ठेवा. टीव्हीचं ऑटो व्हॉल्यूम, साउंडबारचा नाइट मोड आणि व्हीएलसीचा कॉम्प्रेसर असे तिघे एकदम लावले की तिघेही एकमेकांच्या मागे धावतात. शांत प्रसंगात पिक्चरमधल्या पंख्याची घरघर मोठी होते आणि डायलॉग पहिल्यापेक्षा वाईट ऐकू येतो. आवाज ज्या पेटीतून शेवटी बाहेर पडतो तिथलं ठेवावं, बाकीचं बंद. ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘व्हॉइस मोड’ ही गोष्ट वेगळी. ती बोलण्याच्या पट्ट्यातला आवाज उचलते, अंतर कमी करत नाही, म्हणून नाइट मोडबरोबर चालते.

‘मूव्ही’ हा साउंड मोड मात्र नावाला भुलून निवडू नका. बऱ्याच टीव्हींत तो धमक आणि पसारा वाढवतो. साध्या टीव्हीवर ‘स्टँडर्ड’ किंवा ‘न्यूज’ मोडमध्ये पिक्चर जास्त समजतो.

ओटीटीवरून यूट्यूबवर उडी मारली की कान फुटतात, ते वेगळ्या कारणाने. यूट्यूब मोठा आवाज साधारण -१४ एलयूएफएसपर्यंत (सरासरी आवाज किती मोठा ते मोजायचं एकक) खाली आणतं. नेटफ्लिक्सचा डायलॉग -२७ वर. दोहोंत १३ चा फरक, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘स्टेबल व्हॉल्यूम’ दिसलं तर चालू करा. टीव्हीत प्रत्येक एचडीएमआय इनपुटला स्वतंत्र ‘व्हॉल्यूम ऑफसेट’ असेल तर सेट टॉप बॉक्सचं इनपुट तिथेच खाली उतरवा. बॉक्सचा स्वतःचा आवाज मात्र वरच ठेवा. तो २० वर आणि टीव्ही ६० वर, अशाने नुसती खरखर वाढते.

सेंटर स्पीकर असलेल्यांसाठी

खरा ५.१ संच असेल तर काम सोपं. रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा, मोबाइल बसायच्या जागी कानाच्या उंचीला धरा. अ‍ॅपचा आकडा खरा नसला तरी चालतो, सगळ्या स्पीकरना सारखा आला पाहिजे. मग सेंटर २ ते ३ डेसिबल चढवा. ५ च्या वर गेलात तर आवाज पडद्यावरून सुटून डब्यात बसल्यासारखा होतो. गादीवर, लोडाला टेकून खाली बसून पाहत असाल आणि सेंटर शोकेसच्या वरच्या कप्प्यात असेल, तर तो डोक्यावरून बोलतो. मागच्या बाजूला रबराचा तुकडा सारून त्याचं तोंड खाली कानांकडे वळवा आणि कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा. कप्प्यात आत ढकललेला स्पीकर गुरगुरतो.

खोलीचा वाटा आणि चादरीचा उपयोग

शहाबादी किंवा टाइल्सची फरशी, चार उघड्या भिंती, वर स्लॅब. अशा खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे ‘झर्रर्’ अशी शेपूट ऐकू आली तर तीच शेपूट प्रत्येक शब्दावर बसतेय. फोमचे महाग पॅनेल मागवायच्या आधी कपाट उघडा. जाड विणीची सुती सोलापुरी चादर या कामाला उत्तम. भिंतीला चिकटवून ताणून लावू नका. पडद्याच्या दांड्यावर चुण्या पाडून, भिंतीपासून चार-पाच इंच सोडून टांगा. पोकळीमुळे ती खालचे सूरही थोडे जास्त शोषते. पहिली टीव्हीसमोरच्या, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर, दुसरी बाजूच्या भिंतीवर. टीव्ही आणि बैठक यांच्यामध्ये सतरंजी. पुन्हा टाळी वाजवा, शेपूट तुटलेली ऐकू येईल. वूफरची धमक चादरीने कमी होत नाही. त्यासाठी वूफर कोपऱ्यातून काढा, भिंतीपासून दीड-दोन फूट सरकवा.

सोलापुरातल्या विडी घरकुलसारख्या भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत धमक सगळ्यात आधी शेजारच्या खोलीत पोचते. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दहानंतर वूफर ६ डेसिबल उतरवा आणि त्याच्या खाली जाड रबरी मॅट घाला. डायलॉगला त्याने काही होत नाही, माणसाच्या बोलण्याचा अर्थ वूफरच्या खूप वरच्या सुरांत असतो.

सगळं जुळलं की आकडे एका कागदावर लिहून तो टीव्हीच्या मागे चिकटवा. काही साउंडबार आणि स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर वीज गेली की नाइट मोड आणि सेंटरची पातळी विसरतात, आणि परत वीज आल्यावर पहिलाच स्फोट पूर्ण आवाजात होतो.