बारावीवर कंबोडियाला शिकवायला निघताना

आधी देश ठरव, बॅग नंतर. चीन आणि व्हिएतनाममध्ये रीतसर इंग्रजी शिकवायला पदवी लागतेच. कंबोडियात मात्र बारावी पास आणि 120 तासांचं टेफल, म्हणजे परक्यांना इंग्रजी शिकवण्याचं, प्रमाणपत्र असलेल्यांना घेणाऱ्या शाळा आहेत. काही जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर' (इंग्रजी मातृभाषा असलेला) लिहिलेलं असतं, तेव्हा भारतीय पासपोर्ट चालेल का, हे पहिल्याच फोनवर विचार. कुणी पदवी 'करून देतो' म्हणाला तर त्याच्या दारात परत जाऊ नकोस. त्यापेक्षा नागपुरातल्या इग्नूच्या प्रादेशिक केंद्रातून बी.ए.ला नाव घालून ठेव, पुढे देश बदलायचा झाला तर तीच कामी येईल.

खरी तयारी शिकवण्याची. ऑनलाइन टेफलमध्ये बहुधा समोर मुलं नसतात. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी-शिक्षकांच्या कोर्सात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, पण तो कोर्स महाग आहे. नाही जमत? मग मोहल्ल्यातली दहा पोरं गोळा कर, महिनाभर रोज संध्याकाळी मराठी-हिंदीचा एकही शब्द न वापरता शिकव. हा आग्रह मी सोडणार नाही, कारण राजधानी नॉम पेन्हच्या वर्गात अडलास तर 'म्हणजे बघ' म्हणून सुटता येणार नाही. ख्मेर या तिथल्या भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही, म्हणून 'गो'चं 'वेंट' का झालं हेच तिथल्या मुलांना कळत नाही. त्यासाठी कॅलेंडर, चित्रं, हातवारे आत्ताच जमवून ठेव. आपल्या मराठी माणसाला इंग्रजीतला 'अ' आणि 'द' कुठे लावायचा ते अडतं, तेही घोटून घे.

पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतूनच निघतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या चार-चार झेरॉक्स घे.

व्हिसा 'टी' म्हणजे पर्यटनाचा, त्यावर नोकरी करायची नाही. कामासाठी 'ई' वर्ग, आणि वर्क परमिट कोण काढणार ते करारात लिहून घे. एजंट असेल तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी तपास. कायद्याने तो 30,000 रुपये आणि जीएसटी एवढंच घेऊ शकतो. शिक्षकाच्या नावाने बोलावून तिथे गेल्यावर कॉम्प्युटरवर बसायला सांगितलं, पासपोर्ट मागून घेतला, तर तिथून लगेच निघ. आपली माणसं तिथल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेली आहेत. नॉम पेन्हच्या भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून घे, फोन हिसकावला तरी कागद खिशात राहतो.

दोन महिन्यांचा खर्च सोबत ने. परतीच्या तिकिटाचे पैसे मात्र आईच्या खात्यात ठेव, स्वतःच्या नाही.