ओढे ओलांडायचेत? पंचा आधी भरा

आषाढ-श्रावणात त्र्यंबक-इगतपुरीकडच्या डोंगरांत निघणाऱ्यांसाठी ही तयारी. रेनकोट, डबा, बॅटरी, पाणी हे सगळे घेतातच. पाय कोरडे ठेवायचं सामान वेगळं, आणि त्यात पहिला पंचा. साधा, पातळ, सुती. मागच्या वेळी नेमका तोच घरी राहिला आणि सॅकमध्ये कोरडे मोजे असूनही काही उपयोग झाला नाही. ओल्या पायावर कोरडा मोजा चढवला की तो तिथेच भिजतो, तळव्याला चिकटलेली वाळू आत जाते आणि उतरणीवर फोड येतात. म्हणून पंचा. रुमाल चालत नाही, एका पायातच चिंब होतो.

पंचा सॅकमध्ये सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. डब्याखाली गेला तर भर पावसात सगळी सॅक उपसावी लागते, मग कंटाळा येतो आणि माणूस तसाच बूट घालतो.

मोजे लोकरी किंवा नायलॉनचे. सुती मोजा पाणी धरून ठेवतो. एक जोड पायात, एक पिशवीत घट्ट बांधून, एक परतीच्या एसटीसाठी.

पाण्यात उतरायला मागे पट्टा असलेले सँडल घ्या. चप्पल प्रवाहात निघून जाते आणि अनवाणी तर उतरूच नका, गढूळ पाण्यात धारदार दगड दिसत नाहीत. ‘माझे बूट वॉटरप्रूफ आहेत’ हे ऐकून ऐकून कान किटले. पाणी घोट्याच्या वर आलं की ते वरूनच बुटात शिरतं आणि तेच वॉटरप्रूफ अस्तर त्याला बाहेर पडू देत नाही. पावसात पँटचा पायही बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचलात तर पोटरीवरून ओघळणारं पाणी थेट मोज्यात उतरतं.

ओढ्याशी आलात की भाताची आवणी (लावणी) करणाऱ्या माणसांना उतार, म्हणजे ओढा ओलांडायची जागा, कुठे आहे ते विचारा. पात्र रुंद आणि पाणी पसरट असेल तिथून जा. अरुंद जागा सोपी दिसते, पण तिथेच पाणी खोल आणि जोरात असतं. शेवाळलेल्या काळ्या दगडांवरून उड्या मारू नका. बूट-मोजे काढून पिशवीत, सँडल पायात, सॅकचा कमरपट्टा सुटा, हातात काठी, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला. पलीकडे पोचलात की दगडावर बसा आणि पंच्यानं बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसा. घाई करू नका. चिखल्या तिथूनच सुरू होतात. हे प्रत्येक ओढ्याला करायचं, तिसऱ्या-चौथ्यालासुद्धा.

पाणी गुडघ्यावर असेल, तांबडं होत असेल किंवा त्यात काटक्या-पाला वाहून येऊ लागला असेल तर पाय कोरडे ठेवायचा विचार सोडा आणि मागे फिरा. त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्यासारख्या ठिकाणी आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या डोंगरातलं पाणी येतं. सकाळी घोटाभर असलेला ओढा दुपारी परत येताना तसाच असेल असं धरून चालू नका.

पंचा पिळून सॅकच्या बाहेर अडकवा. घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्र कोंबा, ओलं झालं की बदला, पंख्याखाली ठेवा. पाय साबणानं धुवा, पुसा. बेचक्यांत खाज किंवा भेग दिसली तर डॉक्टरांना दाखवा.