सोलापूरच्या नोकऱ्यांचा नकाशा करताय? या चुका टाळा

सोलापूर शहराबाहेर कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, १० हजार घरांची. पुढं रे नगर उभं राहिलं. तिथली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांना मिळाली. दुपारी या गल्ल्यांतून गेलं की दारात सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, की पुढचं पान. आणि नोकरीच्या जाहिराती गोळा करून मी जिल्ह्याचा पहिला नकाशा केला, तेव्हा कुंभारीवर एकही ठिपका नव्हता.

आकडे चुकले नव्हते. जेवढ्या जाहिराती होत्या, तेवढ्या जागच्या जागी होत्या. पण नुकतीच बारावी झालेली एक मुलगी मोबाईलवर तो नकाशा बघून म्हणाली, "सर, आमच्याकडं कामच नाही का हो?" तिची आई रोज विड्या वळते. या नकाशांतली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

'नोंद नाही' म्हणजे 'काम नाही' नव्हे

ऑनलाइन जाहिरात येते ती अकाउंटंटची, सेल्सची, बँकेची, दवाखान्याची. शहराच्या पूर्व भागातल्या कारखानदाराला यंत्रमागावर माणूस हवा असेल तर तो आधीच्या कामगारालाच सांगतो, "कोण आहे का बघ." टॉवेल, चादर, विडी, ज्यांच्यावर हे शहर उभं आहे ती कामं अशी तोंडोतोंडीच मिळतात. त्यामुळे फक्त जाहिरातींवर केलेला नकाशा सोलापूरचा अर्धाच चेहरा दाखवतो. हे नकाशावरच, ठळक अक्षरात लिहा: माहिती कुठून घेतली, कोणत्या महिन्याची, आणि कोणती कामं यात येत नाहीत. 'माहितीबद्दल' नावाच्या वेगळ्या पानावर ते कुणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट कोडमधली. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराचा Number() नं आकडा करायला गेलं की उत्तर शून्य येतं, आणि कुठलीही तक्रार येत नाही. एक्सेलमध्ये सांगोल्याची चौकट रिकामी असेल तर नकाशावर सांगोल्यात शून्य नोकऱ्या! आकडा करण्याआधी चौकट रिकामी आहे का ते तपासा. शून्याला फिकट रंग द्या आणि नोंद नसलेल्या तालुक्यावर राखाडी तिरक्या रेघा मारा. दोन्ही एकाच रंगात कधीही दाखवू नका.

याच्या उलटी चूकही होते. श्रमबल सर्वेक्षणातला राज्याचा बेरोजगारीचा दर घेऊन तो अकराही तालुक्यांवर पसरवणारे मी पाहिलेत. ते सर्वेक्षण नमुना पद्धतीचं आहे, तालुक्याचा आकडा काढण्यासाठी ते आखलेलंच नाही. करमाळ्यावर बोट ठेवल्यावर राज्याची सरासरी दिसणार असेल, तर तिथं बोट ठेवायची सोयच देऊ नका.

ठिपके गायब झाले तर

नकाशा उघडला, पण ठिपकेच नाहीत. बहुतेकजण आधी इंटरनेट तपासतात. त्याऐवजी नकाशा मागे घेत जा, अगदी अख्खं जग दिसेपर्यंत. सोलापूर साधारण १७.६६ उत्तर अक्षांश आणि ७५.९१ पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे झाले की आपलं गाव थेट उत्तर ध्रुवाकडं, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला समुद्रात जातं. जिओजेसन फाइलमध्ये, म्हणजे नकाशावरच्या जागा साठवायच्या फाइलमध्ये, आधी रेखांश लिहितात; लीफलेटला, म्हणजे वेबपानावर नकाशा काढणाऱ्या तयार कोडला, आधी अक्षांश लागतो. एकातून आकडे उचलून दुसऱ्यात टाकताना हमखास घोळ होतो.

ठिपके दिसतात पण जागा चुकते, तो प्रकार जास्त फसवा. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता पुण्याचा आणि काम चिंचोळी एमआयडीसीत. ठिपका पडतो पुण्यात. जाहिरातीत नुसतं 'सोलापूर जिल्हा' असेल तर पत्ता शोधणारी सेवा जिल्ह्याचा मध्य काढते आणि शेकडो नोकऱ्या एका शिवारात एकावर एक बसतात. एकाच बिंदूवर ढीग दिसला की समजायचं, पत्ता अर्धवट होता. अशा नोकऱ्या ठिपक्यांतून काढा आणि 'जिल्ह्यात कुठेही' असा वेगळा आकडा बाजूला दाखवा.

जिल्ह्यांच्या सीमेच्या फाइलशी आकडे जोडताना नावावर भिस्त ठेवू नका. शेजारचं उस्मानाबाद २०२३ मध्ये धाराशिव झालं, अहमदनगर पुढं अहिल्यानगर. एका फाइलमध्ये जुनं नाव, दुसरीत नवं. जिल्हा राखाडीच राहतो. जनगणनेतल्या जिल्ह्याच्या कोड क्रमांकानं जोडा. २०११ च्या जनगणनेत सोलापूरचा कोड ५२६ आणि धाराशिवचा ५२५ आहे. नाव बदललं तरी जुन्या फाइलींत तो तोच राहतो.

रंग

२०११ ला जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजार होती, त्यातले साडेनऊ लाख एकट्या शहरात. नोकऱ्यांची नुसती संख्या रंगवली तर उत्तर सोलापूर कायम गडद आणि बाकी दहा तालुके फिके. हे सांगायला नकाशा कशाला हवा? काम करण्याच्या वयाच्या दर हजार माणसांमागे किती नोकऱ्या, असा दर काढून तो रंगवा. संख्याच दाखवायची असेल तर लहानमोठी वर्तुळं वापरा. दर काढूनही एक तालुका फार पुढे असेल तर सारख्या अंतराचे गट (० ते १०, १० ते २० असे) पाडू नका, बार्शी आणि मंगळवेढा एकाच रंगात जातील. लाल-हिरवी जोडी टाळा, ती काहींना वेगळी दिसतच नाही.

वर्षाची सरासरी हा आणखी एक सापळा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचं गाळप सुरू होतं, ऊसतोड टोळ्या येतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर माणसं लागतात. उन्हाळा चढेपर्यंत ते सगळं ओसरतं. सरासरीत हे पुसलं जातं. महिन्यांची सरकपट्टी द्या, आणि नकाशा उघडताना चालू महिना दिसू द्या.

घरात बसून काम करणाऱ्यांचा मात्र घराघरावर ठिपका नको. एका गल्लीत दोन-चारच नोंदी असतील तर कुणाचं घर ते लगेच कळतं. प्रभागाचा एकत्र आकडा पुरे.

शेवटी मोबाईल

नोकरी शोधणारी पोरं नकाशा मोबाईलवर बघतात. माउस वर नेल्यावर उघडणारी चौकट तिथं उघडतच नाही, ती बोट लावल्यावर उघडली पाहिजे. तालुक्यांच्या सीमारेषांतले बिंदू कमी करून फाइल हलकी करा, पण सगळ्या सीमा एकत्रच. प्रत्येक तालुका वेगळा सोपा केला तर मोहोळ आणि माढ्याच्या मध्ये फट पडते.

नावं मराठीत द्या आणि प्रत्येक नाव डोळ्यांनी वाचा. काही नकाशा-लायब्रऱ्या (नकाशा काढणारे तयार कोड) अक्षरं सुटी सुटी मांडतात. मग 'अक्कलकोट'मधला जोड क पाय मोडून उभा राहतो आणि 'माळशिरस'मधली वेलांटी श च्या पलीकडं जाते. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. नावं नकाशाच्या थरात न ठेवता त्याच्यावर साध्या एचटीएमएल मजकुरात ठेवा, ब्राउझर जोडाक्षरं नीट जुळवतो. तपासायला 'दक्षिण सोलापूर' आणि 'माळशिरस' ही दोन नावं पुरतात.