पहिल्या एल्क शिकारीचं सामान: आधी पाय, मग पाठ, रायफल शेवटी

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण. त्याच्या शिकारीचं सामान घ्यायला निघालेला नवखा माणूस दुकानात शिरतो तो थेट रायफलींच्या काउंटरपाशी. तिथून त्याला दंडाला धरून बुटांकडे न्यावं, असं मला दर वेळी वाटतं. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात शिकार म्हणजे बंदूक, एवढंच असतं. मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात शिकार करते. इथल्या रॉकी पर्वतात गोळी झाडणं हा त्या दिवसातला सगळ्यात छोटा भाग असतो.

हिशोब असा. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या वर भरतो. हाडं काढली तरी ऐंशी-शंभर किलो मांस उरतं. ते दहा हजार फुटांच्या आसपास कुठल्या तरी घळीत पडलेलं असतं आणि तुमची गाडी तीन-चार मैलांवर. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना मी एकच प्रश्न विचारते: मांस घेऊन उतरताना ही उपयोगी पडेल की नुसतं ओझं होईल?

बुटांवर सगळ्यात जास्त खर्च करा. घोट्याच्या वर जाणारे, चामड्याचे, कडक तळव्याचे, पाणी आत न शिरणारे. आडव्या उतारावर पाठीत वजन घेऊन चालताना मऊ तळवा वळतो आणि सगळा ताण घोट्यावर येतो. ऑक्टोबरसाठी जाड अस्तर नको. चढताना पाय घामाने भिजतात आणि थांबलात की तोच ओलावा गारठतो. नोव्हेंबरच्या हंगामात मात्र अस्तर लागतंच. बूट दुपारनंतर घाला, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात, आणि जाड लोकरी मोजे घालूनच मापा. दुकानात उतरता फळा असेल तर त्यावर उभं राहून बघा. अंगठा पुढे टेकला तर तो बूट तुमचा नाही. आणि हे सगळं उन्हाळ्यातच उरका. नवे बूट चावतातच. ते घराजवळच्या टेकडीवर चावलेले बरे.

मग सॅक. ट्रेकिंगची नेहमीची सॅक इथे पुरत नाही. पाठीमागे ताठ फ्रेम हवी आणि फ्रेम व पिशवी यांच्यामध्ये मांस बांधायला जागा हवी, म्हणजे वजन पाठीला चिकटून राहतं. नराचा एक मागचा पाय हाडासकट तीस किलोच्या आसपास जातो. रिकामी सॅक सगळ्यांनाच बरी बसते, तेव्हा वीसेक किलो भरून दुकानातच फिरा. वजन कंबरपट्ट्यावर आलं पाहिजे, खांद्यांवर नाही. बायकांनी पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारीच फ्रेम घ्यावी. माझ्या उंचीला पुरुषांच्या मापाची फ्रेम घातली की कंबरपट्टा मांडीवर येतो. सरावासाठी पाण्याचे कॅन भरून चढा आणि माथ्यावर पाणी ओतून द्या. उतरताना गुडघे वाचतात. दोन काठ्याही घ्याच.

कपड्यांत सुती काही नको, अगदी आतलेसुद्धा. अंगालगत मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, सॅकेत पफी, म्हणजे फुगीर उबदार जॅकेट आणि एक पावसाळी कोट. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पफी घालून चढलात तर माथ्यावर ओलेचिंब होऊन बसाल. झाडापानांच्या नक्षीच्या महागड्या कपड्यांचा मोह टाळा. रायफलच्या हंगामात इथल्या नियमानुसार कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी घालावी लागते. त्या नारिंगीत नक्षी चालत नाही. एल्क तुम्हाला पकडतं ते वासावरून. वाचलेल्या पैशांतून वारा बघायची पावडरची छोटी बाटली घ्या. साधारणपणे पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन चढलं की वर जायला लागते.

दुर्बीण १० बाय ४२ची (दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंग ४२ मिलिमीटरची), छातीवरच्या पट्ट्यात. कोलोरॅडोत बऱ्याच भागांत नराच्या एका शिंगाला निदान चार टोकं, किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंचांचं असावं लागतं. हे झाडीतून ओळखता येत नसेल, तर गोळी झाडायची नाही. तिपाईवरची मोठी दुर्बीण पहिल्या वर्षी घरी ठेवा.

आता रायफल. .२७०, .३०८, .३०-०६ ही काडतुसांच्या मापांची नावं; यांतली जी खांद्याला मानवते ती. मोठ्या मॅग्नमच्या, म्हणजे जास्त दारूच्या जोरदार काडतुसाच्या, धक्क्याने डोळे मिटत असतील तर तिचा काय उपयोग? नियमाने किमान .२४ कॅलिबर (नळीचा व्यास, इंचांत) आणि ८५ ग्रेन (साडेपाच ग्रॅम) वजनाची, लागल्यावर पसरणारी गोळी लागते. सराव टेबलावरून नको. बसून, गुडघ्यावर, धाप लागलेली असताना करा. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी शिकारीच्या शिक्षणाचं कार्ड लागतं. आणि एच-१बीसारख्या व्हिसावर असाल, तर वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक जवळ बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वकिलाला विचारूनच पुढे जा.

मांसासाठी: पाती बदलता येणारी सुरी आणि भरपूर जादा पाती, एक साधी भक्कम सुरी, हवा खेळणाऱ्या पाच कापडी पिशव्या, दोरी, हातमोजे. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको. आत ऊब कोंडते आणि मांस नासतं. कातडं लगेच सोलायचं, मांस सावलीत टांगायचं. नर की मादी हे ओळखू येईल असा अवयव मांसाला जोडलेलाच ठेवायचा, तोही नियम आहे. हे काम बहुतेकदा अंधारात होतं, म्हणून हेडटॉर्च दोन.

उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र भाड्याने का होईना, घ्या. फोनला रेंज नसते. नकाशे घरीच फोनवर उतरवा. पाण्याचा बारीक नळ्यांचा फिल्टर एकदा गोठला की निकामी होतो, आणि तसं बाहेरून दिसतही नाही. रात्री तो झोपायच्या पिशवीत घ्या.

गाडीत दोन मोठे कूलर ठेवा. सुटा बर्फ वितळून मांस पाण्यात भिजतं, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या गोठवून त्याच भरा.