ड जीवनसत्त्वाचा डोस जास्त होतोय का, हे कसं तपासाल

मी फार्मासिस्ट आहे. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती आठवड्यातून एकदा घ्यायची 60,000 युनिटची गोळी कुणी रोज घेईल याची. बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात, त्यांच्याबरोबर हीसुद्धा रोज पोटात जाते. म्हणून आधी डॉक्टरांची चिठ्ठी काढा. किती घ्यायची, किती दिवसांनी आणि कधीपर्यंत, या तिन्ही गोष्टी वाचा. कोर्स संपला की जुन्या चिठ्ठीवर परत गोळ्या आणू नका.

मग घरातल्या सगळ्या बाटल्या आणि डबे टेबलावर मांडा. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमच्या गोळ्या, प्रोटीन पावडर, यातल्या कशातही ड असू शकतं. लेबलवर कधी मायक्रोग्रॅम असतात, कधी आययू, म्हणजे वर सांगितलेली युनिटं. 1 मायक्रोग्रॅम म्हणजे 40 आययू. त्यामुळे 25 मायक्रोग्रॅम हा किरकोळ दिसणारा आकडा खरा 1,000 आययूचा असतो. रोजची बेरीज करा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 600 ते 800 आययू पुरतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय 4,000 च्या वर जाऊ नका.

तान्ह्या बाळाच्या थेंबांना तर फार जपा. एका कंपनीच्या बाटलीत 400 आययू एका मिलीत असतात, दुसरीच्या एकाच थेंबात. बाटली बदलली की मी आईवडिलांसमोर लेबल वाचते आणि ड्रॉपरवर पेनाने रेघ ओढून देते. तुम्हीही तशी मागून घ्या. चमच्याने अंदाजे देऊ नका.

जादा ड लघवीवाटे सहज निघून जात नाही, ते चरबीत साठतं. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं. भूक मरते, मळमळतं, पोट साफ होत नाही, सारखी तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं. वयस्कर माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि घरचे म्हणतात, वय झालं! तसं म्हणून सोडून देऊ नका हो. पुढे मूत्रपिंडात खडे होतात, मूत्रपिंड निकामीही होऊ शकतं. उन्हाने मात्र असं होत नाही. त्वचा जादाचं स्वतःच मोडून टाकते.

डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध किंवा थायझाइड गटातली लघवीची गोळी चालू असेल, मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा सारकॉइडोसिस (फुफ्फुसांत वगैरे सुजेच्या गाठी होण्याचा आजार) असेल, तर विचारल्याशिवाय ड सुरूच करू नका.

शंका आली तर ड आणि कॅल्शियम दोन्ही थांबवा आणि त्याच दिवशी सगळ्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. ड च्या पातळीबरोबर कॅल्शियम आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंड कसं काम करतंय ते यावरून कळतं) तपासायचं का, ते विचारा. रिपोर्टमधलं एकक बघा: 150 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वरची पातळी धोक्याची, आणि तीच नॅनोमोल प्रति लिटरमध्ये 375 दिसते. गोळी बंद केल्यावरही परिणाम कित्येक आठवडे, कधी महिने टिकतो, म्हणून बरं वाटलं तरी पुढची तपासणी चुकवू नका. उलट्या थांबत नसतील, माणूस गोंधळला असेल किंवा छातीत ठोके चुकत असतील, तर थेट हॉस्पिटल गाठा.