ग्रुप एक्झिबिशनला 'आत' पाहिजे

मागं आम्ही चौदा जणांनी मिळून बेळगावात, टिळकवाडीत एका हॉलमध्ये प्रदर्शन लावलं होतं, नाव 'निसर्गरंग'. प्रत्येकानं तीन-तीन चित्रं आणली, कुणाचा गोकाकचा धबधबा, कुणाचा सूर्यास्त, एकानं तर गणपतीच आणला आणि गणपती पण निसर्गच की म्हणून वाद घातला. ओळीनं लावलं, नारळ फोडला, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी एक काका आले, चार मिनिटांत फेरी मारली आणि दाराशी येऊन मला विचारतात, "आत अजून काय आहे काय?"

आत काही नव्हतंच.

त्यानंतर तिथल्याच विणकरांच्या वडगावात कापड विणायच्या मागाच्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये दुसरं प्रदर्शन केलं, ते जमलं. तेव्हापासून जो तो विचारतो, इमर्सिव्ह, म्हणजे बघणारा आत बुडून जाईल असं, एक्झिबिशन कसं करायचं, प्रोजेक्टर कुठून आणला. अहो प्रोजेक्टर एकच होता आणि तो पण तिसऱ्या दिवशी बंद पडला, कुणाला कळलं पण नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, इमर्सिव्ह म्हणजे चारी भिंतींवर व्हिडिओ सोडणं नाही. 2018 मध्ये पॅरिसचं आतेलिए दे ल्युमिएर आणि टोकियोचं टीमलॅब बॉर्डरलेस सुरू झालं, दोन्हीकडं भिंतीभर प्रोजेक्टरनं सोडलेली चित्रं, त्यांची रील्स बघून बघून आपला तसा समज झालाय. पण त्याच पॅरिसमध्ये 1938 साली सररिअलिस्ट, म्हणजे स्वप्नात दिसावं तसलं काम करणाऱ्या कलाकारांचं ग्रुप प्रदर्शन झालं होतं, तिथं मार्सेल द्युशाँ ह्या फ्रेंच कलाकारानं छताला कोळशाची 1200 पोती टांगली, हॉलमध्ये अंधार, उद्घाटनाला आलेल्यांच्या हातात टॉर्च, आणि कॉफी भाजल्याचा वास. पोती, अंधार, वास. ह्यातलं काय निपाणीत मिळत नाही सांगा? आणि खरं सांगायचं तर आपल्या गल्लीतली मंडळाची पोरं गणपतीला देखावा करतात, शिवजयंतीला चित्ररथ करतात, ते दुसरं काय आहे? फरक एवढाच की देखावा समोर उभं राहून बघायचा असतोय आणि इथं माणसाला त्याच्या आत चालायला लावायचं.

आता सुरुवात कुठून? जागेपासून. बहुतेक जण आधी थीम ठरवतात मग हॉल शोधतात, मी उलटं सांगतो. पांढऱ्या भिंतीचा हॉल मिळाला तर त्यात 'आत' तयार करायला पडदे, प्लायवूड, रंग असा खर्च होतोय, आणि जुनं घर, गोडाऊन, कौलारू शाळा, मागाची शेड मिळाली तर निम्मं काम जागाच करून देते. जागा बघायला दोनदा जा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री, छताच्या पत्र्यातून ऊन कुठं पडतंय ते बघा, पाऊस कुठं गळतोय ते मालकाला नाही, शेजारच्यांना विचारा.

मग थीम. एका शब्दाची थीम घेऊ नका. आम्ही आधी 'धागा' ठरवलं होतं, आठवड्यात कळलं की प्रत्येकजण घरात पडलेलं जुनं चित्र काढतोय आणि त्यात धागा शोधतोय. तेव्हा बदलून प्रश्न केला : माग बंद झाल्यावर घरात काय ऐकू येतंय? ह्याला जुनं चित्र चालत नाही, नवीनच करायला लागतंय. तुमच्या थीममध्ये कुणाचं जुनं काम सहज बसत असेल तर थीम ढिली आहे समजा.

कलाकार कमी घ्या. आम्ही सात घेतले : दोन चित्रकार, एक फोटोग्राफर, खानापूरचा एक कुंभार, चित्ररथाचे सांगाडे करणारा एक पोरगा, लग्नात साउंड लावणारा एक आणि एक विणकर काका, जे शेवटपर्यंत मी कलाकार नव्हे म्हणत होते. चौदाच्या चौदा चित्रकार असले की भिंतीसाठी भांडणं होतात, माध्यमं वेगळी असली की एकाला भिंत पाहिजे, एकाला जमीन, एकाला छत. सगळ्यांना काम सुरू करायच्या आधी रिकाम्या शेडमध्ये तासभर बसवलं, फोन बाहेर, आणि शेवटी ज्यानं त्यानं आपला कोपरा सांगितला. आणि नाही म्हणायला एकच माणूस ठेवा. कमिटी करू नका, कमिटी कुणालाच नाही म्हणत नाही. मी एका मित्राचं मोठं कॅनव्हास परत पाठवलं, काम चांगलं होतं पण त्या जागेतलं नव्हतं, तो सहा महिने बोलला नाही. चालतंय. साइझ किती, काम कधी आणायचं, विकलं तर पैसे कसे वाटायचे, फुटलं तर कोण भरणार, हे सगळं आधी लिहून सह्या घ्या, मैत्री असली तर दोन सह्या घ्या.

आता वाट. जमिनीवर खडूनं सगळा नकाशा खऱ्या मापात काढा आणि एका आजीला घेऊन चालून बघा. वाट चार फुटांपेक्षा अरुंद नको, समोरून कोणतरी आलं की अंग चोरून जायला लागतंय आणि माणूस बाहेर येतोय, म्हणजे मनानं. दारातून आत आल्यावर पहिली आठ-दहा पावलं काहीच दाखवू नका. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतोय, म्हणून एक वळणाचा अर्धा अंधारा बोळ केला, आणि दाराशी चपला काढायला लावल्या. हे शेवटच्या क्षणी सुचलं आणि हेच सगळ्यात उपयोगी पडलं बघा, थंड फरशी पायाला लागली की माणसं आपोआप हळू बोलायला लागली.

चित्रं लावायची पद्धत अशी की चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर येतो, उभ्या माणसाच्या नजरेला. पण खड्डा मागावर विणकर बसून काम करतोय, पाय खड्ड्यात, म्हणून एका खोलीत आम्ही सगळं 90 सेंटिमीटरवर लावलं आणि खाली पाट ठेवले. उभं राहून बघितलं तर नीट दिसत नाही, बसायलाच लागतंय.

लाइटचं थोडक्यात : ट्यूबलाइट सगळ्या बंद, 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे एलईडी स्पॉट, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचे, चित्रावर उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशात. कागद आणि कापड असेल तर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर जाऊ नका, रंग उडतोय. प्रोजेक्टर घ्यायचाच असेल तर त्याचा थ्रो रेशो, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट मागं ठेवायला लागतंय, ते विचारून घ्या, रेशो 1.5 असेल तर दोन मीटर रुंद चित्राला तीन मीटर मागं जायला लागतंय, आणि तेवढी जागा नसली तर मधूनच माणसं जातात आणि भिंतीवर डोक्यांच्या सावल्या.

आवाजावर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणीन. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतोय, एका खोलीतला दुसरीत जातोय. आवाज शोषणाऱ्या फोमला पैसे नव्हते, मग गल्लीतनं वाकळी मागून आणल्या आणि दारांवर, कोपऱ्यांत टांगल्या, काम झालं आणि दिसायला पण बरं. दोन गल्ल्या सोडून एका चालू शेडमध्ये जाऊन मागाचं रेकॉर्डिंग केलं, फोन मशीनवर नाही, घडी घातलेल्या कापडावर ठेवून, नाहीतर नुसती थरथर येते. ते बारा मिनिटं वाजायचं आणि मग एकदम तीन मिनिटं काहीच नाही. हे तीन मिनिटं म्हणजेच आमचं प्रदर्शन होतं म्हणा ना. पहिल्या दिवशी आवाज थांबला आणि शेजारच्या एक मावशी वर बघून म्हणाल्या, "लाइट गेली काय?" वडगावात माग थांबला की पहिलं हेच तोंडात येतंय. बाहेरगावच्या लोकांना त्यांनीच समजावून सांगितलं, आम्हाला लेबल लावायला लागलं नाही.

वासाचं जपून करा. एका कोपऱ्यात सुताला लावायची खळ ताजी करून ठेवली होती, तेवढंच. उदबत्ती लावली की देऊळ होतंय.

लेबलं चाळीस शब्दांच्या वर नकोत, मराठी आणि कन्नड दोन्ही, सारख्या अक्षरात. कन्नड मजकूर मराठीवरून भाषांतर करून घेऊ नका, कन्नड बोलणाऱ्या मित्राला शेडमध्ये फिरवा आणि त्याला त्याचं लिहू दे. बाहेरच्या बोर्डाचं वेगळं, कर्नाटकच्या 2024 च्या कायद्यापासून बोर्डावर 60 टक्के कन्नड लागतंय, त्यामुळे फ्लेक्स छापायच्या आधी बघा, नंतर झाकाझाकी करत बसू नका.

तारीख ठरवताना पावसाळा सोडा, कागद दमट होऊन वाकतोय. गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तिकार आणि देखाव्याची पोरं हाताला लागत नाहीत. 1 नोव्हेंबरच्या आसपास नको, एकीकडं राज्योत्सव, एकीकडं काळा दिवस, कारण बेळगावात कुणाला सांगायला नको. डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉज फुल्ल आणि रस्त्यावर बंदोबस्त. जानेवारी-फेब्रुवारी बरं.

विजेचं गणित स्वतः करा. 15 अँपिअरच्या एका लाइनवर 230 व्होल्टला साधारण 3400 वॅट होतात, त्यात 500 वॅटचे जुने हॅलोजन लावले तर सातव्याला मर्यादा ओलांडते. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नका, वाकळी आणि पडद्यांपासून लाइट लांब, आणि बाहेर जायची दुसरी वाट उघडीच ठेवा, अंधार किती पण सुंदर असू दे. आग विझवायचा सिलिंडर दाराशी.

शेवटचा दिवस लोक विसरतात. काम येताना आणि जाताना प्रत्येकाचा फोटो काढा, मडक्यांचा तर चारी बाजूंनी. वाकळींना आधीच नावाच्या चिठ्ठ्या टाचा, आम्ही टाचल्या नव्हत्या, मग गल्लीभर फिरत होतो ही कुणाची, ती कुणाची. भिंतीची भोकं पुट्टीनं बुजवून चावी द्या. आमचे मालक चावी घ्यायला आले तेव्हा स्पीकर अजून लावलेलेच होते, ते थोडा वेळ उभे राहिले आणि हे अजून दोन दिवस ठेवता येतील काय म्हणून विचारलं. साउंडवाल्याचं दुसऱ्या दिवशी अनगोळात लग्नाचं बुकिंग होतं, जमलं नाही.